परदेशातली नोकरी आणि तिथलं घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशातून ऑफर आली की लोक आधी पगाराबद्दल विचारतात. घराचं विचारतात ते तिकीट काढल्यावर. मी तीन देशांत भाड्याने राहिलो. पहिल्या दोन वेळा मीही हेच केलं आणि दोन्ही वेळा पदरचे पैसे घातले. म्हणून इथे दोन्ही प्रश्न एकत्रच घेतले आहेत. नियमांची उदाहरणं ज्या त्या देशाची आहेत. तुमच्या देशाचा नियम वेगळा असेल, पण प्रश्न बहुधा तेच असतील.

ऑफरचा आकडा माझ्या आताच्या पगाराच्या तिप्पट आहे. यात विचार करण्यासारखं काय आहे?

तिप्पट म्हणजे चलन बदलून तिप्पट ना? मग तो आकडा तूर्त बाजूला ठेवा. तिथे कमावलेले पैसे तिथेच खर्च होणार आहेत, त्यामुळे विनिमयाचा दर फक्त शिल्लक घरी पाठवताना उपयोगी पडतो. आधी शिल्लक पडते का, ते पाहू.

हातात येणारा पगार १०० धरा. पहिल्या शहरात घरभाड्याला ४५ जातात आणि येण्याजाण्याला ६. उरतात ४९. दुसऱ्या शहरातली ऑफर ८० चीच आहे, पण भाडं २२ आणि प्रवास ४. उरतात ५४. कागदावर वीस टक्क्यांनी लहान असलेली ऑफर प्रत्यक्षात मोठी निघाली. भाडं कळल्याशिवाय पगार कळत नाही, असं मी म्हणतो ते यासाठी.

हातात नेमके किती येतील, ते कसं काढायचं?

ऑफर लेटरमध्ये वार्षिक ढोबळ पगार लिहिलेला असतो. त्यातून प्राप्तिकर, सामाजिक सुरक्षेची वर्गणी, पेन्शन आणि काही ठिकाणी आरोग्य विमा वजा होतो. बहुतेक देशांसाठी पगाराचे कॅल्क्युलेटर ऑनलाइन सापडतात. त्यात तुमची वैवाहिक स्थिती आणि मुलांची संख्या खरी भरा. जर्मनीत करवर्ग बदलला की हातात येणारी रक्कम चांगलीच बदलते.

काही सापळे पहिल्या वर्षी दिसतच नाहीत. जपानमध्ये रहिवासी कर मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो आणि तो साधारण १० टक्के असतो. तिथे नवीन आलेल्या माणसाला मागचं उत्पन्नच नसतं, त्यामुळे पहिल्या वर्षी पगार भरघोस वाटतो. दुसऱ्या वर्षी जूनपासून कपात सुरू होते आणि माणूस कंपनीला विचारायला जातो, ‘पगार कमी केला का?’

याच्या उलटही होतं. नेदरलँड्समध्ये बाहेरून आणलेल्या कुशल कर्मचाऱ्याच्या पगाराचा ३० टक्क्यांपर्यंतचा भाग जास्तीत जास्त पाच वर्षं करमुक्त देता येतो. २०२७ पासून हे प्रमाण २७ टक्के होणार आहे. पण तुम्ही बाहेरून भरती झालेले असावे लागता. रुजू होण्याआधीच्या २४ महिन्यांपैकी १६ हून जास्त महिने डच सीमेपासून १५० किलोमीटरपेक्षा लांब राहिलेलं असावं लागतं. आधी तिथे जाऊन राहू आणि मग नोकरी शोधू, असा बेत असेल तर ही सवलत हातची जाऊ शकते. करारावर सही कुठे राहत असताना केली, याला अशी किंमत असते.

संयुक्त अरब अमिरातीत पगारावर प्राप्तिकर नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तिथे सरकारी पेन्शनही परदेशी कर्मचाऱ्यासाठी नाही. म्हातारपणासाठी तुम्हीच बाजूला टाकणार, हे धरून आकडा बघा.

शहरांच्या महागाईचे निर्देशांक असतात. त्यावर विसंबावं का?

दिशा कळण्यापुरते ठीक. अनेक निर्देशांकांत न्यूयॉर्कला १०० धरून बाकीची शहरं मोजतात. पण त्यातली टोपली, म्हणजे मोजायला धरलेल्या खर्चांची यादी, सरासरी माणसाची असते. तुम्हाला दोन मुलं असतील तर शाळेची फी सगळी गणितं उलटवते, आणि ती त्या टोपलीत तुमच्या प्रमाणात नसते. निर्देशांक घेताच असाल तर भाड्यासह आणि भाड्याशिवाय असे दोन्ही बघा. पण त्यापेक्षा तासभर बसून त्या शहरातल्या भाड्याच्या वीस जाहिराती वाचा. त्या जास्त शिकवतात.

कंपनी म्हणते ‘लोकल काँट्रॅक्ट’. एका मित्राला मात्र घरभाडं, शाळा, विमानाची तिकिटं असं सगळं मिळालं. मला का नाही?

तो बहुधा बदलीवर गेला असेल. म्हणजे नोकरी मूळ देशातल्या कंपनीतच, काम काही वर्षं बाहेर. अशा माणसाला कंपनी स्वतःच्या गरजेपोटी पाठवते, म्हणून घर, शाळा, वर्षातून एकदा मायदेशी जाण्याचं तिकीट, कधी कधी करातला फरकही तीच भरते. दोन देशांत सामाजिक सुरक्षेचा करार असेल तर त्याची वर्गणी मूळ देशातच चालू राहते आणि दोन्हीकडे भरावी लागत नाही. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि ते निघण्याआधी काढायचं असतं.

लोकल काँट्रॅक्ट म्हणजे तिथल्या माणसासारखाच पगार आणि तिथल्या माणसासारखेच हक्क. यात वाईट काही नाही. फक्त त्याच पदावरच्या स्थानिक माणसाचं घर आधीचं असतं आणि तुमची सुरुवात शून्यापासून. तो फरक मागायचा असेल तर सहीच्या आधी मागा.

मग मागू तरी काय?

मूळ पगार वाढवून मागणं सगळ्यांना सुचतं. तिथेच घोडं अडतं, कारण कंपनीच्या श्रेणी ठरलेल्या असतात. एकदाच होणारा खर्च मात्र मॅनेजरच्या हातात असतो. मी या क्रमाने मागेन:

- पहिल्या चार ते आठ आठवड्यांची तात्पुरती राहण्याची सोय
- घर शोधून देणाऱ्या एजन्सीची फी
- डिपॉझिटसाठी बिनव्याजी आगाऊ रक्कम, पगारातून हप्त्याने कापून घेण्याच्या अटीवर
- सामान हलवण्याचा खर्च आणि कुटुंबाची तिकिटं
- पहिल्या वर्षाचं विवरणपत्र भरायला कर सल्लागार

डिपॉझिटच्या आगाऊ रकमेला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, आणि लोक नेमकी तीच मागत नाहीत. कंपनीला ती जवळपास फुकट पडते. तुम्हाला मात्र पहिल्या महिन्यात त्यावाचून कात्रीत सापडल्यासारखं होतं.

ऑफर लेटर आणि करारात कुठे बोट ठेवून वाचायचं?

मूळ पगार आणि भत्ते यांची फोड आधी बघा. अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावरच मोजतात. पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढे दर वर्षाला ३० दिवसांचा. एकूण पगार तोच ठेवून मूळ पगार लहान आणि भत्ते मोठे दाखवले की ही रक्कम आपोआप आक्रसते.

मग परतफेडीचं कलम. ‘दोन वर्षांच्या आत सोडल्यास स्थलांतराचा खर्च परत द्यावा लागेल’ असं ते असतं. असू द्या, पण दोन गोष्टी लिहून घ्या: कंपनीने काढलं तर हे लागू नाही, आणि परतफेड उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणातच होईल.

प्रोबेशनचा काळ आणि त्यातली नोटीस हीदेखील बघा. जर्मनीत प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकतं आणि त्यात दोन्ही बाजूंना फक्त दोन आठवड्यांची नोटीस पुरते. भाड्याच्या घराची तिथली नोटीस मात्र साधारण तीन महिन्यांची. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की पहिल्या सहा महिन्यांत किती मोठं घर घ्यावं, ते आपसूक कळतं.

रुजू होण्याची तारीख व्हिसा मिळण्यावर अवलंबून आहे, हे वाक्य करारात असलंच पाहिजे. नसेल तर इथली नोकरी सोडू नका. आणि पगार कोणत्या चलनात, कोणत्या देशातल्या खात्यावर जमा होणार, तेही.

नोकरी गेली तर देश सोडावा लागतो का?

वर्क परमिट कंपनीला बांधलेला असेल तर घड्याळ सुरू होतं. अमेरिकेत एच-१बी या कुशल कामगारांच्या व्हिसावर असलेल्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, किंवा परवान्याची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. सिंगापूरमध्ये एम्प्लॉयमेंट पास (कामाचा परवाना) रद्द झाल्यावर साधारण ३० दिवसांचा मुक्कामाचा परवाना मिळतो. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसा असेल तर गृह खात्याचं पत्र आल्यापासून साधारण ६० दिवस.

एवढ्या दिवसांत नवी नोकरी मिळणं, घर रिकामं करणं, डिपॉझिट परत मिळणं आणि मुलांच्या शाळेतून दाखला काढणं एकत्र जमत नाही. तीन महिन्यांचा खर्च आणि सगळ्यांची परतीची तिकिटं एवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. तिला डिपॉझिटसाठीसुद्धा हात लावू नका.

बायकोला किंवा नवऱ्याला तिथे काम करता येईल का?

ऑफर एकाला येते, जातात दोघं. म्हणून हा प्रश्न एचआरला पहिल्याच फोनवर विचारा. जर्मनीत ईयू ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा परवाना) असलेल्याच्या जोडीदाराला लगेच काम करता येतं. नेदरलँड्समध्ये उच्चकुशल स्थलांतरिताच्या जोडीदारालाही मुभा आहे. सिंगापूरमध्ये कुटुंबीयांसाठीच्या डिपेंडंट पासवर आलेल्या जोडीदाराला नोकरी करायची तर २०२१ पासून सहसा स्वतःचा वर्क पास लागतो. अमेरिकेत एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आलेल्यांपैकी काहींनाच कामाची परवानगी मिळते.

दोन पगारांवर चालणारं घर एका पगारावर आणायचं असेल तर तो गेलेला पगार ऑफरमधून वजा करा. हे गणित कोणाला आवडत नाही, पण वर्षभराने त्याच्यावरूनच भांडणं होतात.

ऑफर खरी आहे की बनावट?

कोणी नोकरी देण्यासाठी, व्हिसाची फाइल हलवण्यासाठी किंवा ट्रेनिंगसाठी तुमच्याकडेच पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. कामगाराकडून भरतीचे पैसे घेऊ नयेत, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय करारात घातलेलं आहे, आणि बऱ्याच देशांच्या कायद्यातही आहे.

तपासायची साधनं फुकट आहेत. ब्रिटनचं गृह खातं परदेशी कामगार आणण्याचा परवाना असलेल्या कंपन्यांची यादी जाहीर करतं. नेदरलँड्सचा स्थलांतर विभागही मान्यताप्राप्त प्रायोजकांची नोंदवही खुली ठेवतो. कंपनी त्यात नसेल आणि तरी व्हिसा देऊ म्हणत असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय. अमेरिकेचं कामगार खातं एच-१बीसाठी कंपन्यांनी दाखवलेल्या पगारांची माहिती प्रसिद्ध करतं. त्यावरून तुमच्या पदाला तिथे काय देतात, तेही समजतं.

गेल्यावर पासपोर्ट ठेवून घेतो म्हणाले तर नाही म्हणा. तो तुमचाच राहतो.

इथूनच घर पक्कं करून जाऊ का? डोक्याला ताप नको.

नको. एक-दोन महिन्यांची तात्पुरती जागा इथून पक्की करा, कायमचं घर तिथे गेल्यावर डोळ्यांनी बघून घ्या. फोटोत उजेड असतो, आवाज आणि वास नसतो. मी एकदा फोटोंवर भाळून घर घेतलं होतं. खिडकीखालून पहाटे पावणेपाचपासून मालगाड्या जायच्या. करार वर्षभराचा होता.

तात्पुरती जागा म्हणजे सर्व्हिस अपार्टमेंट, कंपनीचं गेस्ट हाउस किंवा रोजचे दर लावणारं सुसज्ज घर. महाग पडते, हे खरं. पण चुकीच्या घरात अडकलेलं वर्ष त्याहून महाग. बुक करताना एकच विचारा: या पत्त्यावर सरकारी नोंदणी करता येते का? उत्तर हो असेल तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. कारण पुढच्या प्रश्नात आहे.

बँक पत्ता मागते, घरमालक बँक खातं मागतो. सुरुवात कुठून करायची?

हे चक्र फोडायला सहसा पत्त्याची सरकारी नोंदणी उपयोगी पडते. जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत नोंदणी करायची असते आणि त्याला घरमालकाचं लेखी पत्र लागतं. ते पत्र देणार नाही म्हणणाऱ्याचं घर स्वस्त असलं तरी घेऊ नका. करक्रमांक, मग पगाराची योग्य कपात, पुढची सगळी कामं त्या नोंदणीला लटकलेली असतात. नेदरलँड्समध्ये पालिकेच्या नोंदणीतून नागरिक क्रमांक मिळतो. जपानमध्ये १४ दिवसांत पत्ता नोंदवायचा असतो.

म्हणून क्रम असा ठेवा: नोंदणी होणारी तात्पुरती जागा, नोंदणी, बँक, फोन नंबर, मग कायमचं घर. स्वित्झर्लंडला जाणाऱ्याने यात आरोग्य विमाही धरावा. तो आल्यापासून तीन महिन्यांत घ्यावा लागतो आणि हप्ता आलेल्या दिवसापासूनचा लागतो, त्यामुळे उशीर करून वाचत काहीच नाही.

जाहिरातीतलं भाडं आणि खरं भाडं यात इतका फरक का?

प्रत्येक देशाची जाहिरात लिहिण्याची आपली भाषा असते. ती कळली नाही तर दोन घरांची तुलनाच होत नाही.

जर्मनीत ‘थंड’ आणि ‘गरम’ अशी दोन भाडी असतात. थंड म्हणजे नुसत्या जागेचं. गरम म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई वगैरे मिळवून. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याहीपलीकडे. शिवाय तीन खोल्यांचं घर म्हणजे तीन खोल्या अधिक स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. आणि त्या स्वयंपाकघरात ओटा, सिंक, कपाटं यातलं काहीच नसण्याची शक्यता बरीच. आधीचा भाडेकरू ते सगळं उचकटून घेऊन गेलेला असतो, नाहीतर तुम्हाला विकायला बघतो.

नेदरलँड्समध्ये ‘उघडं’ घर म्हणजे काही वेळा जमिनीवर फरशीसुद्धा नाही, नुसतं सिमेंट. ‘मऊ सजवलेलं’ म्हणजे जमीन आणि पडदे आहेत, फर्निचर नाही.

ऑस्ट्रेलियात भाडं आठवड्याचं लिहितात. इथे शिकलेसवरलेले लोकही फसतात. आठवड्याला ५०० म्हटलं की चाराने गुणून महिन्याला २,००० धरतात. पण वर्षात ५२ आठवडे असतात. २६,००० भागिले १२, म्हणजे महिन्याला जवळपास २,१६७. वर्षाकाठी २,००० चा फरक, तुम्ही धरलेल्या हिशोबातल्या अख्ख्या एका महिन्याचा.

जपानमध्ये १के, १एलडीके अशी अक्षरं असतात. आकडा झोपायच्या खोल्यांचा. एल, डी, के म्हणजे बैठक, जेवणघर, स्वयंपाकघर. खोलीचं माप तातामी चटयांत देतात आणि एक चटई साधारण १.६ चौरस मीटर धरतात. सहा चटयांची खोली म्हणजे दहा चौरस मीटरच्या आतबाहेर.

एजंटला एकच प्रश्न विचारा: ‘पहिल्या महिन्यात माझ्या खात्यातून एकूण किती जातील आणि तिसऱ्या महिन्यात किती?’ बरंच काही बाहेर येतं.

डिपॉझिट किती? आणि परत मिळतं का?

कायदा असेल तिथे कमाल मर्यादा ठरलेली असते आणि ती माहीत असणं हेच तुमचं हत्यार. जर्मनीत तीन महिन्यांचं थंड भाडं, तेही तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. नेदरलँड्समध्ये जुलै २०२३ नंतरच्या करारांना दोन महिने. इंग्लंडमध्ये बहुतेक घरांना पाच आठवड्यांचं भाडं, आणि घरमालकाने ते ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत ठेवायचं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये चार आठवडे, आणि पैसे सरकारी यंत्रणेकडे जमा. स्वित्झर्लंडमध्ये राहत्या घरासाठी तीन महिने, पण भाडेकरूच्याच नावाच्या गोठवलेल्या खात्यात. कॅनडातल्या ऑंटारिओत नुकसानीसाठी डिपॉझिट घेताच येत नाही, फक्त शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ घेतात.

जपानमध्ये डिपॉझिट वेगळं आणि घरमालकाला द्यायचं ‘रेइकिन’ वेगळं. रेइकिन परत मिळत नाही. सगळीच घरं ते मागत नाहीत, आणि यूआर या निमसरकारी संस्थेच्या घरांना ते नाही, एजंटची फी नाही, हमीदारही लागत नाही. उत्पन्नाची अट मात्र आहे.

परत मिळतं का? ताबा घेतानाच्या पहिल्या तासात तुम्ही काय केलं, त्यावर. प्रत्येक भिंतीचे, नळाचे, शेगडीचे, खिडकीच्या चौकटीचे फोटो आणि व्हिडिओ काढा. कपाटं उघडून काढा. पाणी, वीज, गॅसचे मीटर आकड्यांसह टिपा. हे सगळं त्याच दिवशी घरमालकाला ईमेल करा. फोनमध्ये नुसते ठेवून उपयोग नाही, कारण तारखेवरून वाद होतो. भिंतीवरचा ओरखडा आधीचा होता हे सिद्ध करायला मला एका ईमेलने वाचवलंय. दुसऱ्या घरात तो पाठवला नव्हता, तिथे रंगकामाचे पैसे गेले.

मला तिथे कोणी ओळखत नाही, क्रेडिट स्कोअर नाही. घर कोण देणार?

ही खरी अडचण आहे, पण सुटणारी. घरमालकाचं तुमच्याबद्दल वाईट मत नसतं, त्याला काहीच माहीत नसतं. ती जागा कागदांनी भरायची. पासपोर्ट आणि व्हिसा, नोकरीचा करार, कंपनीचं पत्र, शेवटच्या तीन पगारपत्रकांची प्रत, आधीच्या घरमालकाचं शिफारसपत्र, आणि अर्ध्या पानाची स्वतःची ओळख. सगळं एका पीडीएफमध्ये, तिथल्या भाषेत किंवा इंग्रजीत. घर बघायला जाण्याआधी तयार ठेवा, कारण मोठ्या शहरांत चांगलं घर दुपारपर्यंत जातं.

जर्मनीत शूफा या पतनोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा पतअहवाल मागतात, जो नवीन माणसाकडे जवळपास कोरा असतो. न्यूयॉर्कमध्ये वार्षिक उत्पन्न मासिक भाड्याच्या ४० पट असावं, असा बाजाराचा दंडक आहे. फ्रान्समध्ये उत्पन्न भाड्याच्या तिप्पट आणि वर हमीदार, असं सर्रास विचारतात. तिथे विसाल नावाची फुकट हमी योजना आहे, अटींत बसत असाल तर जरूर बघा. जपानमध्ये माणसाऐवजी हमी कंपनी चालते, तिची फी तुम्ही भरायची.

वर्षभराचं भाडं आगाऊ देतो म्हणून सोडवणूक करू नका. काही देशांत ते घेण्यावर मर्यादा आहे, आणि जिथे नाही तिथे घरात गळती निघाली तर घरमालकावर दबाव आणायला तुमच्या हातात काही उरत नाही. दुबईत पुढच्या तारखांच्या चेकने भाडं देण्याची पद्धत आहे. तिथे चेक जितके कमी तितकं भाडं उतरतं, पण पहिल्या वर्षी चार चेक बरे.

फसवणूक कशी ओळखायची?

घरमालक ‘सध्या परदेशात’ असतो, किल्ली कुरिअरने येणार असते, भाडं आजूबाजूच्या घरांपेक्षा बरंच कमी असतं आणि दहा जण रांगेत असतात. गोष्ट नेहमी हीच. घर आतून बघितल्याशिवाय, किंवा विश्वासातल्या माणसाने तिथे उभं राहून व्हिडिओ कॉल केल्याशिवाय, एक पैसाही पाठवू नका. जाहिरातीतला फोटो इंटरनेटच्या शोधात टाकून तो आणखी कुठे आहे ते बघा. तेच फोटो दुसऱ्या शहरातल्या जाहिरातीत सापडतात. आणि पासपोर्टची प्रत पाठवायचीच असेल तर तिच्यावर तारीख आणि ‘फक्त घरभाड्यासाठी’ असं आडवं लिहून पाठवा.

भाडेकरारात कोणतं कलम सोडू नये?

लवकर बाहेर पडायचं. सिंगापूरमध्ये परदेशी भाडेकरूंच्या करारात ‘डिप्लोमॅटिक क्लॉज’ घालण्याची रीत आहे. नोकरी गेली किंवा बदली झाली तर साधारण वर्ष पूर्ण झाल्यावर दोन महिन्यांच्या नोटिशीने घर सोडता येतं. नाव भारदस्त आहे, राजदूत असायची गरज नाही. हे कलम मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि इतर देशांतही याच धर्तीचं वाक्य मागून बघायला काय जातं?

जर्मनीत उलट बघा. काही करारांत ‘ठरावीक काळ नोटीस देणार नाही’ असं घरमालक लिहून घेतो, आणि ते चार वर्षांपर्यंत वैध असू शकतं.

बाकी भाडंवाढ कधी आणि किती, दुरुस्ती कोणाकडे, पोटभाडेकरू ठेवता येतो का, एवढं वाचा. दुबईत करार एजारीत, म्हणजे भाडेकरारांच्या सरकारी नोंदणीत, नोंदवून घ्या. ती नोंद नसेल तर वीज-पाण्याचं आणि कुटुंबाच्या व्हिसाचं काम अडतं.

कंपनी स्वतःचं घर देतेय. घ्यावं?

पहिल्या सहा महिन्यांसाठी हो. नंतर विचार करा. नोकरी आणि छप्पर एकाच माणसाच्या हातात असतील तर राजीनामा देताना जीभ अडखळते. शिवाय अनेक देशांत फुकटच्या घराची किंमत उत्पन्नात धरून कर लावतात. घराऐवजी रोख भत्ता मिळत असेल तर कर वजा करून दोन्हींची तुलना करा.

ऑफिसजवळ राहावं की लांब आणि स्वस्त?

पहिल्या वर्षी जवळ, लहान घर. शहर कळल्यावर हलता येतं.

विकतच घेतलं तर?

परवाना कायमचा होईपर्यंत नको.

निघताना किती पैसे हाताशी असावेत?

माझा अंदाज सहा महिन्यांच्या भाड्याइतका. तीन डिपॉझिटला, एक पहिल्या महिन्याला, दोन तात्पुरत्या जागेला आणि घर मांडायला. पहिला पगार महिना संपल्यावर येतो, आणि कधी कधी खातं उघडायला उशीर झाल्याने दुसऱ्या महिन्यात. वर सांगितलेली परतीची रक्कम यात धरलेली नाही, ती वेगळी. ही बेरीज जमत नसेल तर कंपनीकडे आगाऊ रक्कम मागा किंवा रुजू होण्याची तारीख पुढे ढकला. क्रेडिट कार्डावर डिपॉझिट भरून सुरुवात करू नका.

गेलो, राहिलो, आणि तीन महिन्यांत वाटलं की चुकलंच. आता?

आधी हे तपासा की चुकलं ते नोकरीचं, शहराचं की घराचं. बऱ्याचदा घराचं असतं. अंधारी जागा, लांबचा प्रवास, भिंतीपलीकडचा आवाज, आणि माणूस देशालाच नावं ठेवायला लागतो. घर बदलणं नोकरी बदलण्यापेक्षा सोपं आहे. अनेक ठिकाणी घरमालकाच्या संमतीने आपल्या जागी दुसरा भाडेकरू आणून करारातून सुटता येतं.

नोकरीच चुकली असेल तर राजीनाम्याआधी चार कागद एकाच दिवशी समोर घ्या: नोकरीची नोटीस, घराची नोटीस, परतफेडीचं कलम आणि व्हिसाचे उरणारे दिवस. घराची नोटीस सहसा सर्वांत लांब असते, म्हणून ती आधी जाते, मग नोकरीची. निघताना पत्त्याची नोंदणी रद्द करा, मीटरचे आकडे पुन्हा टिपा, आणि डिपॉझिट जमा होईपर्यंत तिथलं बँक खातं बंद करू नका.